बोडी कोणाची?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मत्स्यपालनाचे प्रशिक्षण वर्ग भरतात. कटला वर चरतो, रोहू मध्ये, मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही जाती एकाच बोडीत वाढतात, हे तिथे शिकवतात. चांगलेच आहे. (ढिवर बांधवांना मासोळी शिकवायची, हा भाग वेगळा!) पण बोडी कोणाची, हा आमचा सवाल आहे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. ज्याच्याकडे ना शेत, ना तलावाचा ठेका, त्याने ते प्रमाणपत्र कुठे भिजवायचे?

चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या तलावांच्या मासळीवरही सामूहिक हक्क मान्य केला. बिगरआदिवासींना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. त्यासाठी गावातील वृद्धांचा लेखी जबाबही पुराव्यात धरला जातो. बीज सोडण्याआधी ग्रामसभांनी हे जबाब नोंदवून घ्यावेत. ती माणसे आता थोडीच उरली आहेत.