दिवसांचा धंदा

राशी पेरिफेरल्स ही १९८९ साली मुंबईत सुरू झालेली कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये शेअर बाजारात उतरली आणि तिने ६०० कोटी रुपये उभे केले. या पैशांचं काय करणार, हे माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं : ३२६ कोटी कर्जफेडीला आणि २२० कोटी खेळत्या भांडवलाला. कारखाना, यंत्रसामग्री, जमीन यांतलं काहीही त्यात नव्हतं. लॅपटॉप, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, राउटर असा माल जगभरच्या ब्रँडकडून घाऊक उचलून देशातल्या दुकानदारांपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीला एवढा पैसा निव्वळ खेळता ठेवण्यासाठी लागतो. २०२२-२३ मध्ये तिची उलाढाल ९,४५४ कोटी होती आणि कर भरून उरलेला नफा १२३ कोटी, म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे एक रुपया तीस पैसे. चेन्नईहून चालणारी रेडिंग्टन १९९३ पासून भारतात आहे आणि तिचा पसारा पश्चिम आशिया-आफ्रिकेपर्यंत गेला आहे. तिची २०२३-२४ ची उलाढाल ८९ हजार कोटींच्या पुढे होती, नफा सुमारे १,२०० कोटी. धंदा नऊ-दहा पटींनी मोठा झाला, तरी शेकडा हिशेब जवळपास तिथंच राहिला.

एवढ्या बारीक नफ्यावर ही माणसं तगतात कशी, हे समजून घ्यायचं तर मालाऐवजी तारखांकडे पाहावं लागतं. ब्रँड वितरकाला ठरावीक मुदतीच्या उधारीवर माल देतो. वितरक तो लॅमिंग्टन रोडच्या, पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या किंवा लातूर-अकोल्याच्या दुकानदाराला देतो, तोही उधारीवर. मधल्या काळात माल न्हावाशेवाला किंवा सहारच्या एअर कार्गोत उतरतो, कस्टमची बिल ऑफ एंट्री भरली जाते, ट्रक भिवंडीला जातो, खोकी गोदामात काही दिवस पडून राहतात, मग बिल फाटतं आणि मग सुरू होते वसुली. ब्रँडचे पैसे चुकते करायची तारीख आधी येते आणि दुकानदाराचा चेक मागाहून वटतो. या दोन तारखांमधली फट बँकेच्या पैशानं बुजवायची असते. दहा टक्के व्याज धरलं तर शंभर रुपयांच्या मालावर दर छत्तीस-सदतीस दिवसांना एक रुपया जातो. कर भरण्यापूर्वीचा नफा शेकडा पावणेदोन रुपये धरला, तर पैसा नेहमीपेक्षा दोन महिने जास्त अडकला की त्या मालावरची अख्खी कमाई संपली. वर हा माल नाशवंत आहे. पुढच्या पिढीचा प्रोसेसर जाहीर झाला की गोदामातल्या जुन्या पिढीच्या किमती खाली येतात. ब्रँड ‘प्राइस प्रोटेक्शन’, म्हणजे या घटीची भरपाई, देतो, पण ते ठरावीक मुदतीत घेतलेल्या मालापुरतं, आणि त्याची क्रेडिट नोट हाती पडेपर्यंत आणखी वाट पाहावी लागते. म्हणूनच वितरकाच्या संगणकात प्रत्येक खोक्याचं वय दिसतं : तीस दिवसांवरचा माल, साठ दिवसांवरचा, नव्वद दिवसांवरचा. नव्वदच्या रकान्यात गेलेला माल पडेल भावाने काढायची तयारी ठेवावी लागते.

लाल फीत आणि मंदी या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, अशा रीतीनं व्यापाऱ्यांच्या बैठकांत आणि अर्थसंकल्पापूर्वीच्या निवेदनांत त्यांची मांडणी होते. सरकारी कागदपत्रांचा जाच वेगळा आणि गिऱ्हाईक नाही ही रड वेगळी. वितरकाच्या वहीत मात्र दोन्ही एकाच खात्यावर पडतात, दिवसांच्या खात्यावर. मंदीत दुकानदाराचा तीस दिवसांचा चेक साठ दिवसांवर जातो, नियमामुळे परतावा सहा महिने लांबतो, आणि बँकेचं व्याज या दोन प्रकारच्या दिवसांत भेद करत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की दोन्ही दुखणी बहुधा एकाच वेळी येतात. उलाढाल मंदावली की कर कमी जमा होतो, कर कमी जमा झाला की महसूल खातं नियम आवळतं, आणि नियम आवळले की बाजारातला उरलासुरला पैसाही अडकतो. मंदीनं आधीच दमलेल्या व्यापाऱ्याला नेमका तेव्हाच सरकारचाही सावकार व्हावं लागतं.

याचं जुनं आणि नीट तपासून पाहता येईल असं उदाहरण म्हणजे ‘सॅड’, म्हणजेच आयातीवरची चार टक्के विशेष अतिरिक्त ड्यूटी. २००६ च्या अर्थसंकल्पात ती सरसकट लागू झाली. देशी मालाला विक्रीकर पडतो, मग आयात मालालाही तेवढं ओझं असावं, हा तिच्यामागचा विचार वाजवी होता. पण जो व्यापारी माल आयात करून पुढे व्हॅट भरून विकतो, त्याच्यावर हे ओझं दुहेरी पडत होतं. म्हणून सप्टेंबर २००७ मध्ये परताव्याची सोय झाली : आधी चार टक्के भरा, माल विका, व्हॅट भरा, मग कस्टमकडे पैसे परत मागा. त्यासाठी ड्यूटी भरल्याचं चलन, बिल ऑफ एंट्री, त्या मालाच्या विक्रीची बिलं, प्रत्येक बिलावर ‘या ड्यूटीचं क्रेडिट घेता येणार नाही’ असा मजकूर, व्हॅट भरल्याचा पुरावा, आणि आयात झालेला माल तोच विकला गेला याचा ताळमेळ लावणारं सनदी लेखापालाचं प्रमाणपत्र जोडावं लागे. एका कमिशनरेटकडे महिन्याला एकच अर्ज करता येई आणि तोही ड्यूटी भरल्यापासून एका वर्षाच्या आत. एका कन्साइनमेंटमध्ये आलेल्या हजारभर हार्ड डिस्क तीनशे दुकानदारांना सुट्या विकल्या गेल्या असतील, तर तीनशे बिलांची जुळणी करायची. ज्या धंद्यात शेकडा दीड-दोन रुपये सुटायचे, तिथं शेकडा चार रुपये कस्टमच्या फाइलीत बसलेले असत. कायद्यानं ते व्यापाऱ्याचेच होते, फक्त त्याच्या हातात नव्हते. ही रीत जवळजवळ दहा वर्षं चालली. या काळात २०१३ सालही आलं. मे महिन्यात चोपन्न-पंचावन्नला मिळणारा डॉलर ऑगस्टअखेर अडुसष्टपर्यंत चढला, डॉलरमध्ये उधारीवर घेतलेल्या मालाचे पैसे चुकवताना आयातदारांचे डोळे पांढरे झाले, आणि महाराष्ट्रात त्याच सुमाराला एलबीटी या स्थानिक संस्था कराविरोधात दुकानं बंद होती.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि सॅड गेली, हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. मुंबईची जकात त्याच दिवशी गेली. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा संपल्या, आंतरराज्य व्यवहारांचे सी फॉर्म आणि एफ फॉर्म गोळा करत फिरण्याचं काम संपलं. पूर्वी केंद्रीय विक्रीकर वाचवायला जवळपास प्रत्येक राज्यात गोदाम ठेवावं लागे, आता ते गिऱ्हाईक कुठं आहे हे पाहून ठेवता येतं. भिवंडीचा पट्टा, म्हणजे माणकोली, दापोडे, काल्हेर, रहनाळ ही गावं गोदामांनी भरली त्यात मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर असण्याचा वाटा होता. जकात गेली तरी भिवंडी ओस पडली नाही, उलट वाढली, कारण नाशिक महामार्ग आणि बंदराची जवळीक ही खरी सोय शिल्लक होती. नियम सोपा केल्यावर व्यापार स्वतःहून योग्य जागी जातो, याचा हा डोळ्यांसमोरचा दाखला आहे.

पण पुढचा भागही तितक्याच मोकळेपणानं सांगायला हवा. २०१९-२० मध्ये देशाच्या अर्थव्यवस्थेचा वेग चार टक्क्यांच्या आसपास उतरला. जीएसटीची वसुली अपेक्षेपेक्षा कमी होत होती. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला, दिवाळी अठरा दिवसांवर असताना, जीएसटीचा नियम ३६(४) आला : पुरवठादारानं जी बिलं पोर्टलवर चढवली नसतील, त्यांच्यावरचं क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) चढवलेल्या बिलांवरच्या क्रेडिटच्या वीस टक्क्यांपुरतंच मिळेल. जानेवारी २०२० मध्ये ती मर्यादा दहा टक्क्यांवर आली, वर्षभरानं पाचवर, आणि जानेवारी २०२२ पासून जे बिल पोर्टलवर दिसतं त्याचंच क्रेडिट उरलं. वितरकानं माल घेतला, अठरा टक्के करासकट पैसे दिले, पण समोरच्यानं विवरणपत्र भरायला उशीर केला तर तो कर याला पुन्हा खिशातून घालायचा. दरम्यान ऑक्टोबर २०२० मध्ये, टाळेबंदीतून बाजार जेमतेम उठत असताना, मोठ्या विक्रीवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं गोळा करायचा आगाऊ आयकर, सुरू झाला (तो एप्रिल २०२५ मध्ये बंद झाला) आणि जुलै २०२१ पासून त्याच्या जोडीला मोठ्या खरेदीवरचा टीडीएस. दर एक दशांश टक्का, कोविडची सवलत होती तोवर त्याहूनही कमी. एवढ्याशा दरानं काय बिघडतं, असं वाटेल. पण ही कपात नफ्यावर होत नाही, उलाढालीवर होते. ज्या वर्षी नफा झालाच नाही, त्या वर्षीही ती होते आणि परतावा येईपर्यंत अडकून राहते.

यावर पहिला आक्षेप असा की बोगस बिलांचा सुळसुळाट खरा होता आणि सरकारनं हातावर हात ठेवून बसावं का? बसू नये. कागदावरच्या कंपन्या काढून क्रेडिट लाटणाऱ्यांनी प्रामाणिक व्यापाऱ्याचंच सर्वात जास्त नुकसान केलं, कारण त्यांचा भाव नेहमी दोन पैसे कमी असे. पण कर बुडवणारा पुरवठादार सरकारला सापडत नाही म्हणून त्याची रक्कम त्याच्याकडून खरेदी करणाऱ्याकडून घ्यायची, ही वसुलीची जबाबदारी खासगी माणसाच्या गळ्यात बांधणं झालं. पुरवठादाराला नोटीस काढायचा, त्याच्या दारात जायचा अधिकार वितरकाकडे नाही. त्याच्याकडे फक्त फोन आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : देशात कारखाने यावेत, चिनी मालावरचं अवलंबित्व कमी व्हावं, सुरक्षेची खात्री असावी, यासाठी आयातीवर लगाम हवाच. त्या हेतूशी भांडण नाही. १९९७ पासून भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराने बांधलेला आहे, त्यामुळे संगणकावर आयात शुल्क लावता येत नाही आणि सरकारच्या हातात परवान्याखेरीज फारसं हत्यार उरत नाही, हेही खरं. मे २०२३ मध्ये हार्डवेअर उत्पादनासाठी १७ हजार कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली होती, तिला पूरक पाऊल हवं होतं. प्रश्न आहे ते पाऊल कसं टाकलं याचा. ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉप, टॅबलेट, सर्व्हर यांची आयात परवान्याखाली आली, तीही तत्काळ. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी ऑक्टोबरअखेरपर्यंत पुढे ढकलली गेली. ऑक्टोबरमध्ये परवान्याच्या जागी ऑनलाइन आयात व्यवस्थापन प्रणाली आली आणि तिच्यातल्या मंजुऱ्या ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत वैध ठरल्या. ती मुदत संपायला आठवडाभर उरला असताना त्या ३१ डिसेंबरपर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. प्रत्येक वेळी शेवटी सूट मिळाली. पण सूट मिळेल की नाही हे माहीत नसताना वितरकाला निर्णय घ्यावाच लागतो : माल आधीच भरून ठेवायचा, म्हणजे गोदामाचे आणि व्याजाचे दिवस वाढले, किंवा थांबायचं, म्हणजे सणाच्या तोंडावर दुकानं रिकामी. इलेक्ट्रॉनिक मालाच्या सक्तीच्या बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा आदेश २०१२ मध्ये निघाला आणि अनेकदा मुदत वाढवून २०१३ मध्ये लागू झाला, तेव्हाही हेच घडलं होतं. कडक पण आधी कळलेला नियम हा धंदा पेलू शकतो. रोज बदलणारा सौम्य नियम त्याला झेपत नाही.

तिसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो. हा मधला माणूस हवाच कशाला, कंपन्यांनी थेट विकावं. डेलचा जगभरचा लौकिकच थेट विक्रीवर उभा होता, आणि त्याच डेलला २००७ मध्ये दुकानं आणि भागीदार विक्रेत्यांकडे वळावं लागलं. कारण सांगलीतल्या शाळेची प्रयोगशाळा उभारून देणाऱ्या दुकानदाराला एका ब्रँडचे वीस संगणक, दुसऱ्याचा प्रिंटर आणि तिसऱ्याचा यूपीएस एकाच बिलावर हवा असतो, आणि शाळेचे पैसे मार्चअखेर येणार म्हणून तोवरची उधारी हवी असते. अमेरिकेतली कंपनी त्याला ओळखत नाही, ऑनलाइन बाजारपेठ त्याला अशी पत देत नाही, आणि बँक तारण मागते. त्याची पत ओळखणारा एकच माणूस असतो, त्याच्याकडून वर्षानुवर्षं चेक घेणारा वितरक. या साखळीत दोषही आहेत. तिमाही अखेरीला टार्गेट गाठायला दुकानदारांवर माल लादला जातो, आणि त्यातून बुडणाऱ्या उधारीला सरकार जबाबदार नसतं.

सरकारला दिवसांची किंमत कळत नाही असंही नाही. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच) लागू झालं : सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत (जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत) न दिल्यास, ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. हे संरक्षण उत्पादकाला आहे, सेवा देणाऱ्यालाही आहे. व्यापाऱ्याला नाही. जुलै २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, पण केवळ अग्रक्रमाच्या कर्जापुरती, विलंबित देयकांचा लाभ त्यात धरला नाही. परिणामी एखाद्या मोठ्या ऑफिसात चुकत्या करायच्या बिलांची यादी तयार होते, तेव्हा कायद्याच्या धाकानं छोट्या कारखानदाराचं बिल आधी निघतं आणि त्याच ऑफिसला चाळीस लॅपटॉप पुरवणारा दुकानदार यादीत खाली सरकतो. त्याचा उशीर वितरकाच्या वहीत येतो. कलमात एका शब्दाची भर घालून हे दुरुस्त होऊ शकतं, त्यासाठी तिजोरीतून एक रुपयाही जाणार नाही. आयातीच्या नियमांबाबत मागणी एवढीच आहे की आदेश आणि अंमल यांत किमान नव्वद दिवस असावेत आणि आदेशाच्या दिवशी समुद्रात किंवा विमानात असलेला माल जुन्याच नियमानं सुटावा.