निजायची खोली आणि न्हाणीघर

‘परसाकडे जाणे’ हा शब्दप्रयोग मराठीत अजून ऐकू येतो. शौचास जाणे म्हणजे घराच्या मागील परसात जाणे, ही जुन्या घराची रचनाच या दोन शब्दांत टिकून राहिली आहे. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि त्यानंतर परस, अशा क्रमाने घर पसरलेले असे. न्हाणीघर विहिरीच्या आसपास आणि शौचकूप त्याहूनही दूर. आज शहरात घर घेणाऱ्या कुटुंबाला मात्र निजायच्या खोलीला लागूनच स्नानगृह व शौचालय हवे असते. जे सर्वांत दूर होते ते उशापासून चार पावलांवर आले आहे. पुष्कळांना ही केवळ चैन वाटते. परंतु रात्री दोन-तीन वेळा उठावे लागणाऱ्या वृद्धाला, गरोदर स्त्रीला किंवा आजारी माणसाला त्या चार पावलांचे मोल फार असते. तथापि कोरडी खोली आणि ओली खोली एकमेकींना जोडायच्या, तर दोघींचा स्वभाव ओळखूनच त्या जोडल्या पाहिजेत.

शौचकूप दूर ठेवण्यामागे सोवळ्याओवळ्याच्या कल्पना होत्या, तसे एक व्यावहारिक कारणही होते. मैला वाहून नेण्यास पाणी नव्हते. तो माणसांना वाहावा लागे आणि हे अमानुष काम जातीच्या नावाने काही समाजांच्या माथी मारलेले होते. कोरडे संडास बांधण्यास व माणसांकडून मैला उचलवून घेण्यास १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी मनाई केली. शौचालय घरात आणणे सुसह्य झाले ते एका वाकड्या नळीमुळे. अलेक्झांडर कमिंग या घड्याळे बनविणाऱ्या कारागिराने १७७५ साली लंडनमध्ये अशा वळणदार नळीच्या शौचपात्राचे पेटंट घेतले. नळीच्या वळणात थोडे पाणी कायम साचून राहते आणि गटारातील वायूला वर येऊ देत नाही. स्नानगृहाच्या जमिनीवरील जाळीखालीही असेच वळण असते. नळकाम करणारे कारागीर त्याला ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. जुन्या न्हाणीचे नाव असे नव्या इमारतीतही शिल्लक आहे.

वळणातील हा पाण्याचा पडदा साधारणपणे ५० मिलिमीटर खोल असावा लागतो. न्हाणी बरेच दिवस वापरात नसली की तो सुकतो. सुटीहून परतलेल्या कुटुंबाला खोलीत दुर्गंधी येते, ती बहुधा त्यामुळेच. बादलीभर पाणी ओतले की ती थांबते. पण प्रश्न केवळ दुर्गंधीचा नाही. २००३ साली हाँगकाँगमधील ‘अमॉय गार्डन्स’ या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स रोगाची लागण ३०० हून अधिक रहिवाशांना झाली. न्हाणीतील कोरडे पडलेले ट्रॅप आणि हवा ओढणारे पंखे यांच्यामुळे सांडपाण्याच्या नळातील दूषित तुषार घरांत शिरले असावेत, असा निष्कर्ष तेथील चौकशीत निघाला. वापर नसलेल्या न्हाणीतही आठवड्यातून एकदा पाणी ओतावे, ते यासाठी.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार स्नानगृह व शौचालय एकत्र असल्यास त्याचे क्षेत्रफळ किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३० चौरस फूट, आणि रुंदी किमान १.२ मीटर असावी लागते. ही किमान मर्यादा झाली. शक्य असल्यास रुंदी १.५ मीटर ठेवावी. चाकाची खुर्ची वळवायला तेवढी जागा लागते. आपल्याकडे बादलीतून तांब्या-तांब्याने पाणी घेऊन आंघोळ करण्याची रीत आहे आणि पाणी चहूकडे उडते. म्हणून दारापाशी हात धुण्याचे भांडे, पुढे शौचपात्र आणि शेवटी खिडकीखाली आंघोळीची जागा, असा क्रम ठेवावा. जमिनीचा उतार त्या शेवटच्या भागाकडे असला की दारालगतची फरशी कोरडी राहते.

खोलीकडील बाजूही तितक्याच काळजीने पाहावी लागते. पलंगाचे उसे न्हाणीच्या भिंतीला असू नये. रात्री नळांतून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज भिंतीतून येतो. कपड्यांचे कपाटही त्या भिंतीला टेकवू नये, कारण ओल प्रथम तेथेच उमटते. फरशी बसविण्यापूर्वी जलरोधक थर देऊन त्यावर एक-दोन दिवस पाणी साठवून पाहिले, तर ओलीचा दोष वेळीच कळतो. नंतर तो शोधायला फरशी फोडावी लागते.

हवेचा विचार प्रदेशानुसार बदलतो. नागपूर किंवा दिल्लीसारख्या ठिकाणी न्हाणीघर पश्चिमेला ठेवल्यास दुपारचे ऊन ते अंगावर घेते आणि निजायची खोली थंड राहते. मुंबई-कोकणात मात्र पश्चिमेकडून वारा येतो. तेथे हीच रचना न्हाणीतील दमट हवा थेट अंथरुणापर्यंत आणील. न्हाणीला बाहेर उघडणारी खिडकी हवीच. गॅसवरील बंब तर बंद न्हाणीत कधीही बसवू नये. अपुऱ्या हवेत गॅस जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि त्याने माणसे आंघोळ करता करता दगावलेली आहेत.

घर बहुधा तिशी-चाळिशीत घेतले जाते आणि सत्तरीतही तेथेच राहायचे असते. न्हाणीच्या दाराशी उंच उंबरठा नसावा. फरशी खरबरीत असावी. आधाराची दांडी आज नको असली, तरी ती पेलणारी भिंत आजच बांधावी. दार बाहेर उघडणारे असावे. आत पडलेला माणूस आत उघडणाऱ्या दाराला अडला, तर मदतीला आलेल्यांना ते ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही काढता येईल अशी हवी.

घराचा नकाशा हाती आला की त्यावर उशापासून शौचपात्रापर्यंत पेन्सिलीने एक रेघ ओढावी आणि काळोखात, झोपेतून उठलेले, थरथरत्या पायांचे माणूस त्या वाटेने जात आहे अशी कल्पना करावी. ती रेघ पलंगाच्या कोपऱ्याला, कपाटाच्या दाराला किंवा पायरीला अडखळत असेल, तर नकाशा तेव्हाच बदलून घ्यावा. कागदावरची भिंत खोडरबराने पुसता येते.