घर हीच ज्याची पेटी : छतात आणि भिंतीत बसणारे स्पीकर

छतात किंवा भिंतीत कायमचा बसवायचा स्पीकर हातात घेऊन पाहिला, तर तो अपुरा वाटतो आणि खरोखरच तो अपुरा असतो. पुढे जाळी, जाळीमागे साधारण साडेसहा किंवा आठ इंच व्यासाचा, खालचे आणि मधले स्वर देणारा वूफर, त्याच्या मध्यभागी उंच स्वरांसाठीचा छोटा ट्वीटर, भोवती प्लास्टिकची कडा आणि मागच्या बाजूला उघडे लोहचुंबक, एवढेच त्यात असते. टेबलावर किंवा स्टँडवर ठेवायच्या स्पीकरला जी लाकडी पेटी असते ती येथे नसते. ती घराने पुरवायची असते. म्हणून असा स्पीकर विकत घेणारा माणूस अर्धेच यंत्र विकत घेत असतो, आणि उरलेल्या अर्ध्याचा दर्जा पीओपीवाला, सुतार, वायरमन आणि इमारतीचे बांधकाम हे सगळे मिळून ठरवतात. दुकानात मॉडेलची तुलना करण्यात दिवस घालवणारे अनेक ग्राहक या दुसऱ्या अर्ध्याकडे पाहतही नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

पेटी कशासाठी लागते, हे स्पीकरच्या रचनेतूनच कळते. वूफरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढचा दाब आणि मागची विरळता कडेवरून वळसा घालून एकत्र आली, की दोन्ही एकमेकांना खोडून काढतात. उंच स्वरांच्या लहरी आखूड असल्यामुळे त्यांना याचा फारसा त्रास होत नाही; परंतु ४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांचा खर्जातला स्वर घेतला, तर त्याच्या एका लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास भरते, आणि एवढ्या मोठ्या लहरीला आठ इंची स्पीकरला वळसा घालणे मुळीच कठीण नसते. आजच्या स्पीकरचे मूळ रूप जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडले, तेव्हाही पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवणारा मोठा फलक त्यांना विचारात घ्यावाच लागला होता. छतातल्या स्पीकरच्या बाबतीत तो फलक म्हणजे फॉल्स सीलिंगचा बोर्ड आणि पेटी म्हणजे बोर्ड व स्लॅब यांमधली पोकळी. बोर्डाला जवळच मोठे भोक असेल, अप्रत्यक्ष दिव्यांसाठी कडेने ठेवलेली खाच त्याच पोकळीत उघडत असेल, किंवा बोर्ड सैल असेल, तर महागातला स्पीकरही बारीक, कोरडा आवाज देतो.

ही वस्तू जेथे रूढ झाली तेथली घरे वेगळी होती, हेही लक्षात घ्यायला हवे. भिंतीतले स्पीकर १९८० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी पोहोचू लागले. तेथल्या नेहमीच्या घराची आतली भिंत १६ इंचांवर उभ्या केलेल्या लाकडी खांबांची असते, दोन्ही बाजूंनी तिला जिप्सम बोर्ड ठोकलेला असतो आणि मधली पोकळी साडेतीन इंच खोल असते. भिंतीतल्या बहुसंख्य स्पीकरची खोली आजही याच मापात बसवलेली असते. महाराष्ट्रातल्या सदनिकेत अशी भिंत नसते. जुन्या इमारतीत साडेचार इंची किंवा नऊ इंची विटांची भिंत असते, नव्या इमारतीत चार किंवा सहा इंची हलक्या काँक्रीट ब्लॉकची असते. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ज्यांना बांधकामाच्या व्यवहारात मायवन म्हणतात त्या इमारतींत तर आतल्या भिंतीही लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असून इमारतीचे वजन पेलत असतात. चार इंची भिंतीत साडेतीन इंचांचा खड्डा करणे म्हणजे भिंत पोखरणेच होय, आणि मायवनच्या भिंतीला तर अशा कामासाठी हातही लावू नये. म्हणून भिंतीत स्पीकर हवा असेल, तर मूळ भिंत न फोडता तिच्यापुढे प्लायवूड किंवा जिप्सम बोर्डाचे चार-पाच इंच खोल पॅनेल उभे करणे, हाच आपल्याकडचा शहाणपणाचा मार्ग ठरतो. टीव्हीमागे बरेच जण असे पॅनेल हौसेने करून घेतातच. त्यात स्पीकरची जागा आधी आखली, पाठीमागे सुतारी चौकट मजबूत ठेवली आणि पोकळीत रॉकवूल भरले, की पेटीचा प्रश्न बराचसा सुटतो.

छत की भिंत, हा निर्णय मात्र बांधकामाच्या सोयीवर सोडता येत नाही. तो ऐकण्याच्या रीतीवर ठरायला हवा. आवाज वरून येतो की समोरून, हे माणसाला प्रामुख्याने बाहेरच्या कानाच्या घड्यांमुळे कळते, कारण दिशेनुसार या घड्या उंच स्वरांचा पोत किंचित बदलतात. त्यामुळे बैठकीत समोर बसून ख्याल ऐकावा तसा जो मनुष्य तासभर एका जागी बसून गाणे ऐकतो, त्याच्यासाठी छतातले स्पीकर चुकीचे आहेत, असे स्पष्टपणे म्हणावे लागते. गायक समोर, तंबोरे त्याच्या मागे आणि तबला बाजूला, ही मांडणी छतातून उभी राहत नाही, सगळे गाणे डोक्यावरून ओघळत राहते. टीव्हीवरच्या संवादांचेही तसेच होते, कारण तोंड पडद्यावर हलते आणि शब्द वरून येतात. अशा ऐकण्यासाठी भिंतीच्या पॅनेलमधले दोन स्पीकर, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून तीन ते साडेतीन फुटांवर येईल असे, आणि दोन स्पीकर व ऐकणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण होईल असे बसवावेत. पॅनेलच्या पातळीत बसलेल्या स्पीकरला एक फायदाही मिळतो: स्टँडवरच्या स्पीकरचा खर्ज मागच्या भिंतीवर आपटून उशिरा परततो आणि काही स्वर खातो, तो दोष येथे उरत नाही. ध्वनिमुद्रण कक्षांत मोठे स्पीकर भिंतीत बसवतात, त्याचे हेही एक कारण आहे.

छतातल्या स्पीकरची खरी जागा दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे स्वयंपाकघर, जेवणाची जागा, व्हरांडा अशी, जेथे माणसे कामात असतात आणि सकाळचे अभंग किंवा बातम्या सगळीकडे सारख्या, पण हलक्या आवाजात ऐकू याव्यात एवढीच अपेक्षा असते. दुसरी म्हणजे डॉल्बी अ‍ॅटमॉस. ही पद्धत २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आली आणि २०१४ पासून घरगुती यंत्रांत मिळू लागली. तिच्यात पाऊस, विमान, पक्षी असे आवाज वरच्या दिशेने यावेत म्हणून वेगळे स्पीकर लागतात. यंत्राच्या डब्यावर ५.१.४ असे लिहिलेले असते, तेव्हा ५ हा कानाच्या उंचीवरच्या स्पीकरांचा, १ हा केवळ खर्ज देणाऱ्या सबवूफरचा आणि ४ हा छतातल्या स्पीकरांचा आकडा असतो.

जागा आखण्यासाठी फार गणित लागत नाही. फॉल्स सीलिंग जमिनीपासून ९ फुटांवर आणि बसलेल्या माणसाचा कान साडेतीन फुटांवर असेल, तर मधले अंतर साडेपाच फूट होते. सरळ खाली पाहणाऱ्या स्पीकरचा आवाज चहूबाजूंनी ४५ अंशांपर्यंत बरा पोहोचतो असे धरले, तर कानाच्या पातळीवर ११ फूट व्यासाचे वर्तुळ तयार होते. दोन वर्तुळे एकमेकांवर थोडी चढतील एवढे अंतर ठेवले, म्हणजे सात ते नऊ फूट, की खोलीभर आवाज सारखा राहतो. त्याच हिशेबाने अ‍ॅटमॉसचे चार स्पीकर सोफ्याच्या साडेपाच फूट पुढे आणि तितकेच मागे येतात. वूफरच्या मोठ्या शंकूतून मधल्या पट्टीतले वरचे स्वर अरुंद झोतात बाहेर पडतात, म्हणून पार्श्वसंगीतासाठी आठ इंचीपेक्षा साडेसहा इंची स्पीकर अनेकदा अधिक उपयोगी पडतो.

आपल्या घरांत या आखणीत एक अडथळा हमखास येतो, तो छताच्या पंख्याचा. ४८ इंची पंख्याची पाती केंद्रापासून दोन फुटांपर्यंत फिरतात. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर पात्याच्या वर बसवलेल्या स्पीकरचा आवाज सेकंदाला १५ वेळा कापला जातो आणि तानेचा, व्हायोलिनचा लांब स्वर थरथरतो. स्पीकर या वर्तुळाच्या बरेच बाहेर, पण भिंतीपासून निदान दोन फूट आत असावा.

फॉल्स सीलिंगचे काम करणाऱ्याशी बोलायच्या गोष्टी काम सुरू होण्याआधीच ठरवाव्या लागतात. साडेसहा इंची स्पीकरला पोकळीत साधारण चार ते पाच इंच खोली लागते, आणि खर्च व उंची वाचवण्यासाठी सीलिंग स्लॅबला जवळजवळ चिकटवून घेतलेले असेल तर स्पीकर बसतच नाही. लोखंडी चॅनेल नेमके स्पीकरच्या जागेवरून जाणार नाहीत याची खूण आधी करून द्यावी. स्पीकरच्या कडेला तीन-चार पंजे असतात. स्क्रू फिरवला की ते बाहेर वळतात आणि बोर्डाला वरून घट्ट दाबतात. दोन-तीन किलो वजन आणि सततचे कंपन साडेबारा मिलिमीटर जाडीच्या एकट्या जिप्सम बोर्डावर सोडण्यापेक्षा वरून प्लायवूडची चकती लावणे आणि स्पीकरला बारीक तारेने स्लॅबमधल्या फास्टनरला बांधून ठेवणे अधिक सुरक्षित असते. शक्य असेल तेथे स्पीकरमागे बंद पेटी बसवावी, कारण ती खर्ज सुधारते, धूळ व पाली दूर ठेवते आणि वर जाणारा आवाजही काहीसा अडवते.

वायरच्या बाबतीत बाजारात फार अतिशयोक्ती चालते, पण हिशेब साधा आहे. स्पीकरचा विद्युतरोध सामान्यतः ८ ओहम असतो आणि वायरचा जाऊन-येऊन रोध त्याच्या पाच टक्क्यांच्या, म्हणजे ०.४ ओहमच्या आत असला की पुरते. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरने १५ मीटर अंतर गाठले, तर तो ०.३४ ओहम भरतो, अडीच चौरस मिलिमीटरने ०.२१. यापलीकडे खर्च करण्याचे कारण नाही. मात्र वायर खऱ्या तांब्याची हवी, तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची नको. ती विजेच्या २३० व्होल्ट वायरांबरोबर एका पाइपात कधीही घालू नये. स्वतंत्र पीव्हीसी पाइप घेतला की सुरक्षितताही राहते आणि पुढे वायर बदलताही येते. अँप्लिफायर निवडताना डब्यावरचा पीएमपीओचा हजारांतला आकडा सोडून द्यावा आणि सलग मिळणारी शक्ती सांगणारा आरएमएस हा आकडा पाहावा. एका जोडणीवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले की ४ ओहम होतात, आणि चार लावले की २. अनेक घरगुती अँप्लिफायर २ ओहमला तापून बंद पडतात.

खोलीचा आवाजावर होणारा परिणाम प्रथम मोजला तो हार्वर्ड विद्यापीठातल्या वॉलेस सॅबाइन यांनी. १८९५ पासून ते एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहावर प्रयोग करत होते. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या ते रात्री आणून मांडत आणि प्रत्येक वेळी आवाज विरायला लागणारा वेळ मोजत. त्यांच्या सूत्रानुसार ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच खोलीत ७ चौरस मीटर उघड्या खिडकीइतके शोषण असेल तर आवाज विरायला सुमारे १.३ सेकंद लागतात, आणि ते १८ चौरस मीटर झाले की अर्धा सेकंद. व्हिट्रिफाइड टाइल, गुळगुळीत प्लॅस्टर आणि काचेची सरकती दारे असलेला हॉल पहिल्या प्रकारात मोडतो. जाड पडदे, गालिचा, कापडी सोफा आणि पुस्तकांची कपाटे त्याला दुसऱ्याच्या जवळ आणतात. महागडा स्पीकर घेण्याआधी हा खर्च करणे केव्हाही चांगले.

बसवण्याच्या क्रमात घाई महागात पडते. बोर्ड लागण्याआधी प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावून मल्टिमीटरने तपासणी करावी, उघड्या छताचे मोजपट्टीसह फोटो काढून ठेवावेत, आणि पीओपीची धूळ व रंगकाम संपल्यावरच स्पीकर बसवावेत. जाळीला रंग द्यायचा असेल तर ती काढून फवाऱ्याने पातळ थर द्यावा, ब्रशने दिलेला रंग छिद्रे बुजवतो. जाळी लावण्यापूर्वी एक तपासणी दीड व्होल्टच्या साध्या पेन्सिल सेलने होते: अँप्लिफायरकडची वायर काढून तिच्या दोन टोकांना सेल क्षणभर टेकवला, की खर्जाचा पडदा हलतो, सेलचे धन टोक वायरच्या धन टोकाला असेल तर पडदा बाहेर यायला हवा. एखाद्या स्पीकरचा पडदा आत गेला तर त्याची जोडणी उलटी आहे, आणि ती तशीच राहिली तर दोन स्पीकरचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो.

छतातल्या स्पीकरची पाठ वरच्या शेजाऱ्याच्या जमिनीकडे असते, ही बाब सोसायटीत राहणाऱ्यांनी आधीच मनात धरावी. खालचे स्वर स्लॅबमधून सहज जातात आणि ग्लासवूलचा थर त्यांना फारसा अडवत नाही. म्हणून सबवूफर छतात न घालता जमिनीवर, रबरी पायांवर ठेवणे बरे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये.

कोकणात, मुंबईत आणि सर्वांत वरच्या मजल्यावर निवड करताना पावसाळा हाच मुख्य निकष मानावा. कागदी शंकूपेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा, आणि फोमच्या कडेपेक्षा रबराची कडा असलेला स्पीकर दमट हवेत टिकतो. गच्चीची गळती थांबलेली नसेल तर त्या खोलीत छतातला स्पीकर बसवूच नये. स्पीकर बदलायची वेळ कधीतरी येतेच आणि तोवर ते मॉडेल बाजारातून गेलेले असते, पण छतातले भोक मात्र तेवढेच राहते. म्हणून विचित्र मापाचा स्पीकर टाळून अनेक कंपन्यांच्या मालाशी जुळणाऱ्या मापाचा घ्यावा, भोकाचा व्यास बिलावर लिहून ठेवावा, आणि कापताना निघालेली बोर्डाची चकती फेकून न देता माळ्यावर ठेवावी. स्पीकर कायमचा काढायचा ठरला, तर भोक बुजवायला तीच उपयोगी पडते.