स्मृती आणि चेतापेशीतील घडामोड

परीक्षांचे दिवस जवळ आले की भडगावसारख्या तालुक्याच्या गावीही चिकित्सालयात एक मागणी हमखास येते : ‘डॉक्टरसाहेब, पोराच्या ध्यानात राहील असं काहीतरी द्या.’ ब्राह्मी, शंखपुष्पी ही नावे पालकांनाच पाठ असतात. या मागणीमागे एक गृहीतक असते, की स्मृती म्हणजे साठा. भर घातली की तो वाढणारच. चेताविज्ञानाने या समजुतीला धक्का दिला आहे, आणि तो समजून घेताना चरकसंहितेतील एक जुना वाद नव्याने आठवतो.

संधीवरील प्रथिने

दोन चेतापेशी जेथे परस्परांना संदेश देतात त्या जागेस चेतासंधी किंवा सायनॅप्स म्हणतात. शिकलेले टिकते ते अशा संधींचे बळ बदलल्यामुळे, आणि हे बळ तेथील प्रथिनांवर अवलंबून असते. चेतापेशी बहुतांशी आयुष्यभर त्याच राहतात; पण त्यांच्या संधींवरील पुष्कळशी प्रथिने काही दिवसांतच बदलली जातात. प्रथिने घडवणारे रायबोसोम संधींच्या अगदी पायथ्याशी आढळतात, हे स्टीवर्ड आणि लेव्ही यांनी १९८२ मध्ये दाखवले. म्हणजे घडण जागच्या जागीही होते. मोडीची व्यवस्थाही तितकीच नेटकी आहे. नको असलेल्या प्रथिनाला युबिक्विटिनची खूण लागते आणि प्रोटिअसोम त्याचे तुकडे करतो. युबिक्विटिनच्या या कार्याच्या शोधास २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोडल्यावाचून टिकत नाही

अशोक हेगडे यांनी एरिक कँडेल, जेम्स श्वार्त्झ आदींसमवेत १९९७ मध्ये समुद्री गोगलगायीवरील संशोधन प्रसिद्ध केले. संधीचे बळ दीर्घकाळ वाढायचे असेल तर युबिक्विटिनच्या मार्गातील एक विकर आवश्यक असते, असे त्यात आढळले. स्मृतीला आवर घालणारी काही प्रथिने आधी मोडावी लागतात, असा याचा अर्थ.

जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेत रोझालिना फोन्सेका व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. त्यांनी उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचे काप घेऊन संधींचे बळ वाढवले. घडण रोखली तेव्हा ते बळ टिकले नाही. केवळ मोड रोखली तेव्हाही टिकले नाही. परंतु दोन्ही एकाच वेळी रोखल्यावर मात्र ते टिकून राहिले! यावरून दिसते की निर्णायक ठरते ते दोहोंमधील साम्य.

आपल्या केळीच्या बागाईतदारास हे नवीन वाटणार नाही. बुंध्याभोवती फुटलेली सारीच पिले राखली तर घड पोसत नाही, आणि सारीच कापली तर पुढची बाग उभी राहत नाही.

स्वभावोपरमाच्या प्रकाशात

चरक सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात स्वभावोपरमवाद आला आहे. भावांच्या उत्पत्तीला कारण लागते, नाश मात्र स्वभावतःच होतो, असे तेथे प्रतिपादन आहे. प्रथिनांचे सततचे बदलणे पाहता हा विचार विलक्षण जवळचा वाटतो. तथापि येथेच सावध राहावे. चेतापेशीतील ही मोड आपोआप होत नाही. ती नेमके प्रथिन निवडते आणि त्यासाठी पेशीची ऊर्जा खर्च करते. साधर्म्य सापडले म्हणून शास्त्र सिद्ध झाले असे मानणे हा दोन्ही शास्त्रांवर अन्याय होय.

चिकित्सालयात

साम्य ढळल्यास काय होते, याची दोन उदाहरणे मानवी व्याधींत आहेत. फ्रॅजाइल एक्स या जनुकीय विकारात प्रथिनांच्या घडणीला आवर घालणारे प्रथिनच नसते. अँजलमन विकारात मोडीची खूण लावणाऱ्या एका विकराची उणीव असते. कारणे उलट, तरी दोहोंत बौद्धिक विकास खुंटतो. बेंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये फ्रॅजाइल एक्स असलेल्या उंदरांतील काही दोष औषधाने सुधारल्याचे दाखवले. मात्र त्याच प्रकारच्या एका औषधाच्या मानवी चाचण्यांत अपेक्षित गुण दिसला नाही आणि २०१४ मध्ये तो प्रयत्न थांबवण्यात आला. उंदरातील यश माणसात उतरेलच असे नाही, हा धडा आपल्या मेध्य द्रव्यांवरील प्रयोगांनाही लागू आहे.

म्हणून उशिरा बोलणारे, शिकण्यात मागे पडणारे मूल समोर आले, तर केवळ मेध्य रसायन देऊन थांबू नये. कुटुंबाचा इतिहास विचारावा आणि जनुकीय तपासणीचा सल्ला द्यावा. फ्रॅजाइल एक्समध्ये आई वाहक असू शकते, आणि पुढील अपत्याचा निर्णय त्या माहितीवर अवलंबून असतो. अनावश्यक विलंबाची किंमत आपण नव्हे, ते कुटुंब मोजते.

त्याच सोळाव्या अध्यायात अग्निवेश विचारतो, की नाश जर स्वभावतःच होतो, तर वैद्याने करायचे काय? आत्रेयांच्या उत्तराचा आशय असा, की विषम धातूंची परंपरा चालू राहू नये आणि सम धातूंची चालू राहावी, यासाठी चिकित्सा. परीक्षेच्या तोंडावर आलेल्या विद्यार्थ्याला पुरेशी झोप, वेळेवर आहार आणि नियमित उजळणी सांगताना आपण त्या परंपरेचीच काळजी घेत असतो. औषधाची मात्रा त्यानंतर.