खो-खोचं मैदानही रानासारखं तयार करा

सरपंच मंडळी आणि पालकहो, तालुक्याच्या शालेय स्पर्धा तोंडावर आल्या की गावोगावी शाळेपुढे दोन खांब रोवले जातात. पोरं-पोरी पंधरा दिवस धावतात, संघ पहिल्याच फेरीत बाद होतो, अन् बोल मास्तरांना! खो-खो शिकविणारा म्हणून सांगतो, निम्मी अडचण पायाखालच्या जमिनीची असते.

मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. म्हणजे सव्वाचार गुंठे. भोवतीची दीड मीटर मोकळी जागा धरली तर साडेपाच गुंठ्यांच्या वर. एवढी जागा गावात असतेच. पण तिच्यावर सोयाबीनची मळणी होते, ट्रॅक्टर फिरतात, मांडव पडतात. मग ती दगडासारखी टणक होते आणि गुडघा एकदा सोलला की पोर बिचकते. तेव्हा एकदा कुळव फिरवा, खडे वेचा, चाळलेली माती पसरा. संध्याकाळी पाणी मारून सकाळी हलका रूळ फिरवा. खांबाजवळ मात्र रूळ नको; तिथली माती दोन-अडीच मीटरपर्यंत सैल ठेवा. खांब लाकडी आणि गुळगुळीत हवा, जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर. बोअरचा जुना केसिंग पाईप कृपा करून रोवू नका. त्यावर खांदा आपटला की खेळ तिथेच संपला.

आता खेळाचं. बहुतेक मुलं मध्यपाटीवर मांडी घातल्यासारखी बसतात. तसं नको. एक पाऊल पुढे, एक मागे, टाचा उचललेल्या, हात जमिनीला. म्हणजे ‘खो’ मिळताच पहिलं पाऊल लांब पडतं. रोज नुसतं बसणं-उठणं वीस-पंचवीस वेळा घ्या. कंटाळवाणं आहे, पण गडी इथंच मारला जातो.

दुसरं, घाई. हात लागण्याआधीच उठणं, मध्यपाटी ओलांडणं, मागे वळणं, हे सगळे फाऊल. पंच उलट दिशेला जायला लावतात, तेवढ्यात पळणारा सुटतो. म्हणून मागून हात लावून मोठ्याने ‘खो’ द्यायचा आणि लगेच त्या जागी बसायचं, हे आधी चालत शिकवा, मग पळत.

पळणाऱ्यांसाठी साखळी शिकवा, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी जाणं. हूल नंतर. प्रत्येक पोर किती वेळ टिकलं ते घड्याळ लावून वहीत लिहा. आपलीच कालची वेळ मोडायला पोरं जीव टाकतात, हे बघण्यासारखं असतं!

खांबावरचा सूर सर्वांत शेवटी. आधी गुडघ्यावरून, मग उभ्याने, मग पळत. हनुवटी वर ठेवून. लोक टाळ्या वाजवतात म्हणून पहिल्याच आठवड्यात पोरांना सूर मारायला लावणं मला पटत नाही.

आणि पालकहो, पोरींचं दहावीनंतर थांबवू नका. धाराशिवच्या सारिका काळे यांनी एक वेळच्या जेवणावर दिवस काढल्याचं स्वतः सांगितलं आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं, २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. त्यात प्रियांका इंगळे यांच्या संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं. तो खेळ मॅटवर झाला, पण आपल्याकडची सुरुवात मातीतच होते. नियमात बसणाऱ्या खेळाडूंना राज्याच्या नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, हेही ध्यानात असू द्या.

पोरी सरावाला का येत नाहीत, हे घरी जाऊन विचारलं तर उत्तर बहुधा एकच मिळतं: अंधार पडतो, सोबत नसते. सराव सकाळी ठेवा, किंवा मैदानाकडे एक दिवा लावा. येत्या ग्रामसभेत हे दोन विषय घ्या: मैदानावर मळणी बंद आणि दिव्याची सोय.