एका गोळींतील तीन औषधें

एच. आय. व्ही. या विषाणूची बाधा झालेल्या बहुसंख्य प्रौढ रुग्णांस आज आपल्या सरकारी उपचार-केंद्रांतून रोज घेण्यास एकच गोळी मिळते. तींत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० व डोल्युटेग्रॅव्हिर ५० अशीं तीन औषधें असतात. एका रोगास तीन औषधें कां, आणि प्रकृति सुधारल्यावरहि तीं जन्मभर कां घ्यावयाचीं, असें घरचीं माणसें विचारतात. मी वैद्य नव्हें, शाळामास्तर. तेव्हां शाळेंतलाच दाखला देतों.

शरीराचें रक्षण करणाऱ्या पेशीचें दप्तर बाळबोध लिपींत आहे अशी कल्पना करा. हा विषाणु आपला मजकूर आणतो तो मोडींत. बाळबोध दप्तरांत मोडीचें पान खपावयाचें नाहीं. म्हणून तो स्वतःचा कारकूनहि बरोबर आणतो. कारकून मजकुराची बाळबोध नक्कल करतो आणि दुसरा एक इसम तें पान दप्तरांत बेमालूम शिवून टाकतो. मग बिचारी पेशी तो मजकूर आपलाच समजून नवे विषाणु घडवीत बसते व अखेर स्वतः नाश पावते.

टेनोफोव्हिर व लॅमिव्ह्युडिन हीं खोटीं अक्षरें होत. कारकुनानें तीं उचललीं कीं त्यांपुढें दुसरें अक्षर जोडतां येत नाहीं. नक्कल अर्धवट राहते. डोल्युटेग्रॅव्हिर शिवणाऱ्याचा हात धरतें. पण कारकून निष्काळजी आहे. त्याच्या नकलेंत चुका फार, आणि एखादी चूक विषाणूच्या पथ्यावर पडते: खोटें अक्षर ओळखणारा कारकून निपजतो! १९८७ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें झिडोव्ह्युडिन हें पहिलें औषध एकटें दिलें असतां असेंच कालांतरानें निष्प्रभ होई. तिन्ही औषधांस चुकविणाऱ्या चुका एकाच नकलेंत जमणें फार कठीण. १९९६ च्या सुमारास हा संयुक्त उपचार रूढ झाला. परंतु त्यास वर्षाकाठीं दहा हजार डॉलरांवर खर्च येई. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीनें त्या वेळचें तीन औषधांचें मिश्रण एका सेवाभावी संस्थेस वार्षिक ३५० डॉलरांत देऊं केलें, आणि २००४ पासून भारत सरकारनें हा उपचार मोफत सुरू केला.

दप्तरांत एकदां शिवलेलें पान मात्र यांपैकीं कोणतेंहि औषध उसवूं शकत नाहीं. गोळी बंद होतांच तें पुन्हां वाचलें जातें. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं वजन वाढलें म्हणून गोळ्या सोडल्या आणि वर्षाच्या आंत ते पुन्हां अंथरुणास खिळले. मधून मधून खाडे करणें तर अधिकच घातक. अर्धवट मात्रेंतच औषधास न जुमानणारा विषाणु फोफावतो.

नियमित उपचारानें रक्तांतील विषाणु चाचणींत दिसेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधांतून जोडीदारास बाधा होत नाहीं. घरांत ताटवाटी वेगळी ठेवण्यास तर कधींच कारण नव्हतें.

कांहीं सावधगिरी हवी. आम्लपित्तावरील ॲल्युमिनियम वा मॅग्नेशियमयुक्त औषधें डोल्युटेग्रॅव्हिरचें शोषण रोखतात. गोळी त्यांच्या दोन तास आधीं किंवा सहा तासांनंतर घ्यावी. लोह व कॅल्शियम चालू असल्यास वैद्यांस सांगावें. टेनोफोव्हिरसाठीं मूत्रपिंडाची तपासणी करवावी. क्षयावरील रिफॅम्पिसिन चालू असतां डोल्युटेग्रॅव्हिरची आणखी एक ५० मिलिग्रॅमची मात्रा बारा तासांनीं द्यावी लागते. एखादे दिवशीं गोळी राहिलीच, तर आठवतांच घ्यावी. मात्र पुढची वेळ अगदीं जवळ आली असल्यास दोन गोळ्या एकदम घेऊं नयेत.