वाळवंटातली आगगाडी आणि पाण्याचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाला रसद पोहोचवण्याचा एक मोठा मार्ग इराणमधून जात होता. पर्शियन आखातावरच्या बंदर शाहपूरपासून तेहरानपर्यंतची रेल्वे आधी ब्रिटिश चालवत होते. 1943 मध्ये ती अमेरिकी लष्करी रेल्वेच्या सैनिकांकडे आली. तेहरानच्या पुढे गाड्या रशियन चालवत.

या सैनिकांपैकी अनेकजण मूळचे रेल्वेवालेच. गणवेश नवा, काम ओळखीचं. पण मार्ग भलताच अवघड. समुद्रसपाटीवरून निघालेली गाडी डोंगरांत 2000 मीटरहून वर चढायची, वाटेत बोगद्यांमागून बोगदे. वाफेच्या इंजिनाला सतत पाणी लागतं आणि वाळवंटात नेमकी त्याचीच टंचाई. त्यात लांब बोगद्यात धूर आणि उष्णता कोंडली की ड्रायव्हर-फायरमनचा जीव गुदमरे. त्या माणसांचे हाल वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

उत्तर सापडलं डिझेल-विद्युत इंजिनात. त्यात डिझेल इंजिन जनित्र फिरवतं आणि तयार झालेली वीज आसांवरच्या मोटारींना मिळते. बॉयलरच नाही, म्हणजे वाफेसाठी पाणीही नको. अल्को कंपनीने आपल्या चार आसांच्या 1000 अश्वशक्तीच्या इंजिनाला लष्करासाठी सहा आस दिले. वजन जास्त चाकांवर विभागलं गेल्याने रुळांवरचा भार हलका झाला. घाई इतकी होती की अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांना दिलेली काही इंजिनंही परत घेऊन, बदलून इराणला रवाना केली गेली.